पिग्मी एजंट, लोकेशन लॉक आणि दोन आठवड्यांची स्प्रिंट

पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर (टीमचे काम ठरलेल्या पद्धतीने चालावे हे पाहणारी व्यक्ती) असलेल्या एका वाचक महिलेचे पत्र आले आहे. त्यांची नऊ जणांची टीम सहकारी पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांसाठी, म्हणजे दुकानोदुकानी फिरून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्यांसाठी, मोबाइल ॲप तयार करते. काही महिन्यांपूर्वी कंपनीने डिझाइन थिंकिंगची, म्हणजे वापरकर्त्याची अडचण समजून घेऊन उपाय शोधण्याच्या पद्धतीची, दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. भिंतीभर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, सगळ्यांना उत्साह आला, आणि पाठोपाठ वरून आदेश निघाला की यापुढे दोन आठवड्यांच्या प्रत्येक स्प्रिंटमध्ये (कामाच्या फेरीत) डिझाइन थिंकिंगच्या पाचही पायऱ्या झाल्याच पाहिजेत. परिणाम असा की पहिले तीन दिवस डेव्हलपर जवळजवळ रिकामे बसतात, डिझायनर मीटिंग रूममध्ये बसून एक काल्पनिक एजंट रंगवतो, आणि शेवटी टेस्टिंगला वेळ उरत नाही. व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणाऱ्या कामाचे माप, तिसऱ्या हिश्शाने घसरली आहे. ॲपमध्ये काय बनवायचे ते ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरचे म्हणणे असे की काय हवे ते पतसंस्थांनी सांगितलेलेच आहे. एजंट दुकानात पैसे घेतात, पण नोंदी रात्री एकदम करतात; म्हणून दुकानाच्या जागी उभे असल्याशिवाय नोंदच होऊ नये, असे लोकेशन लॉक त्यांना हवे आहे. मग त्यावर पुन्हा विचार कशासाठी? गेल्या रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीत) एक ज्येष्ठ डेव्हलपर म्हणाला, "हे डिझाइनवाल्यांचे काम आहे, आम्हाला लिहिलेली स्टोरी द्या." (स्टोरी म्हणजे वापरकर्त्याला काय हवे त्याचे छोटे लेखी वर्णन.) अजाइल (लहान फेऱ्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची ही पद्धत) आणि डिझाइन थिंकिंग एकत्र नांदू शकतात का, एकच ठेवायचे तर कोणते सोडावे, आणि ते व्यवस्थापनाला कसे सांगावे, असे पत्रलेखिकेने विचारले आहे.

तुम्ही हा प्रश्न दोन पद्धतींपैकी एकीची निवड करण्याचा म्हणून मांडला आहे. मला मात्र पत्र वाचताना वेगळाच प्रश्न पडला: एजंट नोंदी रात्री का करतात? याचे उत्तर तुमच्या पत्रात नाही, बहुधा टीममध्येही कोणाजवळ नाही, आणि पतसंस्थेच्या व्यवस्थापकांजवळ उत्तराऐवजी संशय आहे. पाच पायऱ्यांचे वेळापत्रक इतक्या काटेकोरपणे पाळूनही हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला असेल, तर डिझाइन थिंकिंग तुमच्याकडे अजून सुरू झालेले नाही असेच म्हणावे लागेल, आणि जे सुरूच झालेले नाही त्याला व्हेलॉसिटीच्या घसरणीचे कारण ठरवणे बरोबर होणार नाही. घसरणीचे कारण ते वेळापत्रक आहे.

समजून घेणे, प्रश्न निश्चित करणे, कल्पना काढणे, प्रोटोटाइप (कच्चा नमुना) करणे आणि तो तपासणे ही पाच टप्प्यांची मांडणी स्टॅनफर्ड विद्यापीठातील डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेमुळे जगभर पोहोचली. तेथेही हे टप्पे एकामागून एक, एकदाच उरकायचे म्हणून शिकवले जात नाहीत. प्रोटोटाइप दाखवताना मूळ प्रश्नच चुकीचा होता असे लक्षात आले तर मागे फिरायचे, हे त्यात गृहीतच आहे. कामाच्या दहा दिवसांत पाचही टप्पे कोंबले की ही मागे फिरण्याची मुभा सर्वांत आधी जाते, कारण चौथ्या दिवशी कोड लिहायला सुरुवात करावीच लागते. तुमच्या व्यवस्थापनाच्या मनात कदाचित गूगल व्हेंचर्समध्ये जेक नॅप यांनी रूढ केलेला पाच दिवसांचा डिझाइन स्प्रिंट असावा. तो प्रकार चांगला आहे, पण त्यात एक मोठा प्रश्न घेऊन काही माणसे आठवडाभर बाकीचे काम बाजूला ठेवतात, शुक्रवारी पाच वापरकर्त्यांसमोर दिखाऊ प्रोटोटाइप ठेवतात, आणि त्या आठवड्यात विकायच्या सॉफ्टवेअरची एक ओळही लिहीत नाहीत. वर्षातून एकदोनदा करण्याजोगी ती गोष्ट आहे. ती दर पंधरवड्याला डिलिव्हरीच्या डोक्यावर बसवली की दोन्हींचे नुकसान होते, आणि तुमच्याकडे नेमके तेच झाले आहे.

दोन पद्धतींमधला हा तणाव तुमच्या टीमचा शोध नव्हे, हे सांगितले तर तुम्हाला थोडे हलके वाटेल. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे ज्या १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला ते बहुतेक सगळे प्रोग्रामिंगच्या बाजूचे होते. बदल स्वीकारण्याची आणि चालते सॉफ्टवेअर लवकर हातात देण्याची भाषा त्यात स्पष्ट आहे. मात्र पैसे देणारा आणि प्रत्यक्ष वापरणारा हे दोघे वेगळे असतील तर कोणाचे ऐकायचे, याबद्दल तो मार्गदर्शन करत नाही. पुढच्याच वर्षी डिझाइनच्या बाजूचे ॲलन कूपर आणि जाहीरनामा लिहिणाऱ्यांपैकी एक असलेले केंट बेक यांची यावर जाहीर चर्चा झाली. कोड लिहिण्याआधी वापरकर्त्याच्या वर्तनाचे संपूर्ण डिझाइन झाले पाहिजे, असा कूपर यांचा आग्रह होता, तर असा मोठा अगोदरचा टप्पा बेक यांना मान्य नव्हता. मला स्वतःला यात बेक यांची बाजू अधिक पटते, पण ज्या काळजीने कूपर बोलत होते ती रास्त होती.

त्यानंतर व्यवहारात जे मार्ग निघाले त्यांतील एक तुमच्या डिझायनरला आकर्षक वाटेल. ऑटोडेस्क कंपनीतील डेझिरे साय यांनी २००७ साली आपल्या टीमची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यात डिझायनर डेव्हलपरांच्या एक स्प्रिंट पुढे राहून डिझाइन करतात, त्याच वेळी त्यापुढच्या स्प्रिंटसाठी वापरकर्त्यांकडून माहिती गोळा करतात, आणि मागच्या स्प्रिंटमध्ये तयार झालेला भाग लोकांसमोर तपासतात. यामुळे डेव्हलपर रिकामे बसत नाहीत, ही तुमची तातडीची अडचण सुटते. परंतु निष्काळजीपणे राबवले तर याचे रूपांतर लहान लहान वॉटरफॉलमध्ये, म्हणजे एक टप्पा पुरा करून पुढच्याच्या हाती सोपवण्याच्या जुन्या पद्धतीत, होते: डिझायनर एकटा बाहेर जातो, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲपचे पडदे काढतो, पुढच्या स्प्रिंट प्लॅनिंगला ते टेबलावर ठेवतो, आणि त्या ज्येष्ठ डेव्हलपरला हवी तशी 'लिहिलेली स्टोरी' मिळते. अशा वेळी डेव्हलपरला वापरकर्त्याची अडचण कळते ती तिसऱ्या हाताने. म्हणून वेगळा मार्ग हवाच असेल तर काम दोन समांतर रुळांवर चालू द्या, पण माणसे तीच ठेवा. प्रॉडक्ट ओनर, डिझायनर आणि आळीपाळीने एक डेव्हलपर यांनी दर आठवड्यातील काही तास पुढच्या प्रश्नांसाठी राखावेत आणि बाकीच्या टीमने नेहमीप्रमाणे स्प्रिंट चालवावी.

त्या ज्येष्ठ डेव्हलपरवर नाराज होऊ नका. तीन दिवस खोलीत बसून काल्पनिक माणसाच्या मनात शिरण्याचा खेळ त्याला पोरकट वाटला असेल, तर त्याचे निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्याला लोकेशन लॉक कसे फसते, फोन बंद पडला तर अर्धवट नोंदींचे काय होते, स्वस्त फोनमध्ये जीपीएस किती वेळ घेते, हे सगळे ठाऊक आहे, आणि डिझायनरला ते ठाऊक नाही. या ज्ञानाला स्टोरी लिहून झाल्यावर जागा मिळत असेल तर ती फार उशिरा मिळते.

आता त्या लॉककडे वळू, कारण उदाहरण हाताशी असताना तत्त्वे घोळवण्यात अर्थ नाही. पिग्मी एजंटाला सहसा पगार नसतो, जमा केलेल्या रकमेवर कमिशन असते. दुकानदाराच्या गल्ल्यात पैसे असतात त्या दोनतीन तासांत त्याला पेठ फिरून व्हायची असते. तो पोहोचतो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असते, दुकानदार मान वर न करता शंभराची नोट पुढे करतो, एजंट डायरीत खूण करतो आणि निघतो. अशा वेळी ॲप उघडणे, खातेदार शोधणे, रक्कम टाकणे, ब्लूटूथ प्रिंटर जोडला जाण्याची वाट पाहणे आणि पावती देणे यात दीड मिनिट जात असेल, तर साठ दुकानांत दीड तास गेला. हे एक संभाव्य कारण झाले. दुसरे असे की जुन्या गाळ्यांमध्ये रेंज नसेल. तिसरे, संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरी उतरत असेल. आणि एखादा एजंट रोकड दोन दिवस स्वतःकडे फिरवत असेल, ही चौथी शक्यता पतसंस्था मनात धरतात ती उगाच नाही. खातेदाराचा पैसा घेतल्याच्या आणि तो खात्यात दिसण्याच्या मधल्या वेळेतच गैरव्यवहाराला वाव असतो.

मी तुमचे एजंट पाहिलेले नाहीत, त्यामुळे यांपैकी खरे कोणते हे सांगू शकत नाही. परंतु प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. नोंदीला वेळ लागत असेल तर 'कालचीच रक्कम' असे एक बटण बरेच काम हलके करील, कारण अनेक खातेदारांची पिग्मी रोज तेवढीच असते. रेंज नसेल तर ऑफलाइन नोंद भक्कम करावी लागेल. बॅटरीचा उपाय ॲपमध्ये नसून कदाचित एका पॉवर बँकेत असेल. आणि प्रश्न रोकड फिरवण्याचा असेल तर नोंद होताच खातेदाराला जाणारा एसएमएस लॉकपेक्षा अधिक उपयोगी ठरेल, कारण मग पैसे देऊनही मेसेज आला नाही हे दुकानदाराच्याच लक्षात येते. लॉक मात्र पहिल्या तीन परिस्थितींत प्रामाणिक एजंटाला अडवते, आणि चौथ्या परिस्थितीत लबाड एजंट दुकानासमोर उभा राहूनही शंभराऐवजी पन्नास टाकू शकतो. दाट बाजारपेठेत जीपीएस दुकान चुकवते, ते वेगळेच.

तुमच्या प्रॉडक्ट ओनरचे 'ग्राहकाने सांगितले आहे' हे म्हणणे येथे तपासून पाहावे लागते. तुमच्या ॲपला निदान तीन पक्ष आहेत: पैसे देणारी पतसंस्था, दिवसभर ॲप हाताळणारा एजंट, आणि ज्याचा पैसा आहे तो खातेदार. पतसंस्थेने तुम्हाला तिची काळजी सांगितली आणि सोबत एक उपायही दिला. काळजी शंभर टक्के खरी मानावी. उपाय हा एक अंदाज आहे असे समजावे. पिग्मी योजनेचा जन्मच अशा विचारातून झाला आहे. १९२५ साली उडुपीत स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये ही योजना सुरू केली, तेव्हा रोजच्या कमाईतून दोन आणे बाजूला ठेवू शकणारा माणूस बँकेच्या काउंटरपर्यंत येत नाही हे ओळखून एजंट त्याच्या दारी पाठवले गेले. तेव्हा कोणी याला डिझाइन थिंकिंग म्हणत नव्हते.

करायचे काय? सुरुवात ऑफिसातूनच होऊ शकते. तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ आहे. सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ न घेता फोनवर नोंद झाल्याची वेळ घ्या, नाहीतर ऑफलाइन नोंदी तुमची दिशाभूल करतील. एखाद्या एजंटाच्या चाळीस नोंदी रात्री साडेनऊनंतर वीसवीस सेकंदांच्या अंतराने झाल्या असतील, तर त्या डायरीतून उतरवल्या आहेत हे उघड आहे. दुसऱ्या एखाद्याच्या नोंदी संध्याकाळभर चारपाच मिनिटांच्या अंतराने पसरलेल्या दिसतील. हा दुसरा एजंट मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच ॲपवर, त्याच पेठेत त्याला जे जमते ते कसे जमते हे पाहिले तर अर्धे उत्तर तेथेच मिळण्याची शक्यता आहे. ही क्वेरी लिहायला त्या ज्येष्ठ डेव्हलपरलाच सांगा.

मग दोघादोघांच्या दोन जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक डेव्हलपर असू द्या, आणि दोन संध्याकाळी दोन वेगळ्या एजंटांबरोबर फिरा. पतसंस्थेची परवानगी घ्या, पण तिच्या व्यवस्थापकाला बरोबर नेऊ नका. साहेब सोबत असले की कोणताही एजंट दुकानातच नोंद करतो. 'तुम्हाला अमुक सोय आवडेल का' असे विचारू नका, त्याला लोक हो म्हणतात आणि त्या होकाराला किंमत नसते. 'काल शेवटच्या पाच दुकानांत काय झाले' असे विचारा. खातेदारांची नावे आणि शिल्लक दिसतील अशी छायाचित्रे काढू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी तो दुकानदाराच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

त्यानंतर जो उपाय सुचेल त्याचा कच्चा प्रोटोटाइप एजंटाच्याच फोनवर, बाजारातच दाखवा. येथे एक आकडा तुमच्या कानावर येईल: पाच वापरकर्ते पुरेत. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली हे मांडले. एक वापरकर्ता वापरातील सुमारे ३१ टक्के दोष उघड करतो असे धरले तर पाच जणांत जवळपास ८५ टक्के दोष सापडतात, असा त्यामागचा हिशेब आहे. तो बटण कळते का, पावती सापडते का, अशा दोषांबद्दल आहे. एजंटांना मुळात त्या सोयीची गरज आहे का, हे पाच जणांवरून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी तयार झालेली सोय एका शाखेतील मोजक्या एजंटांनाच चालू करून द्या, आणि रात्री एकगठ्ठा होणाऱ्या नोंदींचे प्रमाण दोनतीन आठवड्यांत हलते का ते पाहा. जी क्वेरी सुरुवातीला लिहिली तीच येथे पुन्हा चालवायची आहे.

हे सगळे प्रत्येक स्टोरीला लागू करू नका. वैधानिक अहवालाचा नमुना ठरलेला असेल, व्याजाच्या गणितातील चूक दुरुस्त करायची असेल, तर तेथे कोणाच्या मनात शिरण्याची गरज नाही. काम करा आणि मोकळे व्हा. माणसांचे वागणे बदलण्याची अपेक्षा ज्या स्टोरीत दडलेली आहे आणि ती फसली तर मागे घेणे महाग पडेल, तेवढ्याच निवडा. तीन महिन्यांत अशा दोनतीनच निघतील. त्या बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) फीचर म्हणून न लिहिता प्रश्न म्हणून लिहा: 'एजंट नोंद दुकानात का करत नाहीत?' त्याला स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराच्या अंदाजाचे गुण) देऊ नका, वेळेची मर्यादा द्या.

ज्या वाचकांचे वापरकर्ते अमेरिकेत किंवा युरोपात आहेत आणि मधला क्लायंट त्यांच्यापर्यंत पोहोचू देत नाही, त्यांना पेठेत फिरण्याचा हा सल्ला ऐषआरामाचा वाटेल. त्यांनी क्लायंटच्या सपोर्ट विभागाकडील तक्रारींची नोंदवही मागावी. ती सहसा कोणी मागत नाही म्हणून मिळूनही जाते. महिन्यातून एकदा तेथील सपोर्टच्या माणसाशी अर्धा तास बोलण्याची विनंतीही फारशी नाकारली जात नाही. कामाची व्याप्ती आणि किंमत आधीच ठरलेल्या करारात मात्र शोधाचा भाग चोरून बसवू नये. तो लहान, वेगळा आणि वेगळ्या पैशांचा तुकडा म्हणून मांडावा, अन्यथा त्याचा भार रात्री जागणाऱ्या टीमवर पडतो.

व्यवस्थापनाशी बोलताना दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पहिली व्हेलॉसिटीविषयी. स्क्रम या अजाइल कार्यपद्धतीची अधिकृत पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत व्हेलॉसिटी हा शब्दच नाही, स्टोरी पॉइंटही नाहीत. टीमने स्वतःच्या नियोजनासाठी वापरायचे ते माप आहे. त्यावरून टीमची लायकी ठरवली की पॉइंट फुगतात आणि कामाचे प्रमाण तेवढेच राहते. ते तिसऱ्या हिश्शाने घसरले म्हणून घाबरू नका, पण डेव्हलपर रिकामे का बसले याचे उत्तर मात्र स्पष्ट द्या. दुसरी गोष्ट अशी की त्यांच्या आदेशामागची इच्छा चुकीची नाही, आणि ती मोजता येईल असे माप तुम्ही त्यांना देऊ शकता. ब्रिटन सरकारच्या गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिसने आपल्या टीमांना सांगितले होते की टीममधील प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत निदान दोन तास वापरकर्त्यांना प्रत्यक्ष पाहण्यात घालवावेत. पाच पायऱ्यांच्या तक्त्याऐवजी हे मान्य करा, असे सुचवा. नऊ जणांचे दोन दोन तास म्हणजे सहा आठवड्यांत अठरा तास. पहिले तीन दिवस वाया घालवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, हे कोणत्याही व्यवस्थापकाला कागदावर दिसेल.

स्प्रिंट रिव्ह्यूही, म्हणजे स्प्रिंटअखेर तयार काम दाखवण्याची बैठकही, थोडा बदलून पाहा. तोच स्क्रम गाइड रिव्ह्यूला केवळ सादरीकरण बनवू नका असे सांगतो. महिन्यातून एकदा एक एजंट आणि शाखेतील एक कारकून यांना बोलवा, फोन त्यांच्या हातात द्या, आणि तुमच्यापैकी कोणीही मध्ये बोलू नका. एजंटाचा वेळ जाणे म्हणजे त्याचे कमिशन बुडणे आहे, तेव्हा मोबदला द्यायला विसरू नका.

कदाचित हे सगळे करून असेही निष्पन्न होईल की पतसंस्थेचा संशय खरा होता, एजंट रोकड रोखून धरत आहेत, दुकानदार एसएमएस वाचत नाहीत, आणि लॉक हाच त्यातल्या त्यात कामाचा उपाय आहे. तसे झाले तर लॉक तयार करा. फक्त जीपीएसने दगा दिला तर नोंद अडकू न देता तिच्यावर खूण करून ती पुढे पाठवण्याची सोय ठेवा, ती खूण रोज शाखेत कोण तपासणार हे पतसंस्थेकडून लेखी ठरवून घ्या, आणि एजंटांना हे ॲपमधून कळण्याआधी तोंडी सांगितले गेले आहे याची खात्री करा.